अर्ध्या तासाचा योग आणि दिवसभराचं भान

योगाच्या वर्गात नाव घालायला येणारी बहुतेक माणसं दुखणं घेऊन येतात. कुणाची मान आखडलेली, कुणाची कंबर धरलेली, कुणाचा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. पाठोपाठ प्रश्न येतो: यावर कुठलं आसन करू? मी आसन नंतर सांगते. आधी त्यांना खुर्चीवर बसवते आणि विचारते, आत्ता तुमचा श्वास कसा चाललाय? प्रश्न ऐकताच माणूस छाती फुगवून मोठा श्वास घेऊन दाखवतो. प्रश्नाआधी श्वास कसा चालला होता, ते मात्र सांगता येत नाही, कारण तिकडे लक्षच नव्हतं.

हे लक्ष हाच अभ्यासाचा गाभा आहे, असं मी मनापासून मानते. टीव्हीवरच्या बातम्या बघत पन्नास सूर्यनमस्कार घातले तर व्यायाम उत्तम होईल, पण दुपारी साहेबांचा फोन आला की खांदे कानापर्यंत वर चढतात, ते तुमच्या लक्षात येणार नाही. लक्षात आलं, तर ते खाली सोडता येतात. म्हणून इथे दिलेला अभ्यास दोन भागांत आहे: सकाळी साधारण अर्धा तास, आणि बाकीच्या दिवसात विखुरलेले काही क्षण. दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. लोक तोच सोडून देतात.

आधीची तयारी

पोट रिकामं हवं. पूर्ण जेवणानंतर तीन ते चार तास, हलक्या नाश्त्यानंतर दीड-दोन तास जाऊ द्या. सकाळी उठल्यावर तोंड धुऊन, पोट साफ करून, थोडं कोमट पाणी पिऊन सुरुवात केली तर उत्तम. सकाळी डबे, शाळेची व्हॅन, पाण्याची वेळ या सगळ्यात जमत नसेल तर संध्याकाळी जेवणाआधी करा. पहाटेच करायला हवं या हट्टापायी कित्येकांचा अभ्यास सुरूच होत नाही.

जागा एक चटई किंवा सतरंजी मावेल एवढी पुरे. कपडे सैल. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. गजरासाठी हवाच असेल तर पालथा ठेवा.

उच्च रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, हर्निया, मणक्याची सरकलेली चकती, पोटाची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण, यापैकी काही असेल तर आधी डॉक्टरांशी बोला आणि शिक्षकांनाही सांगा. रक्तदाब आणि काचबिंदू असलेल्यांनी डोकं हृदयाच्या खाली जाईल अशी आसनं टाळावीत. चकती सरकलेली असेल तर पुढे वाकण्याची आसनं घरच्या घरी करू नयेत. योग सुरू केला म्हणून मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. डोस कमी करायचा की नाही, ते डॉक्टर तपासण्या बघून ठरवतील.

पहिली पायरी: श्वास बघणं, पाच मिनिटं

पाठीवर झोपा, गुडघे वाकवून तळपाय जमिनीवर टेकवा. एक हात बेंबीवर, दुसरा छातीवर ठेवा. आता काहीही बदलायचं नाही. कुठला हात हलतोय, एवढंच बघा.

दिवसभर खुर्चीत पोक काढून बसणाऱ्यांचा बहुधा छातीवरचा हात हलतो, पोटावरचा जवळजवळ स्थिर राहतो. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा एक स्नायूंचा पडदा आहे, श्वासपटल. श्वास घेताना तो खाली सरकतो, पोटातले अवयव थोडे दाबले जातात आणि पोट वर उचललं जातं. पोट कायम आत ओढून धरायची सवय असेल, किंवा सलवारची नाडी नाहीतर पट्टा करकचून आवळलेला असेल, तर या पडद्याला खाली यायला जागा मिळत नाही. मग मान आणि खांद्यांचे स्नायू वरून फासळ्या उचलायला लागतात. मानदुखीच्या कित्येक तक्रारींची एक वाट इथून जाते.

बघून झालं की हळूहळू पोटाला मोकळीक द्या. श्वास घेताना पोटावरचा हात वर येऊ दे, सोडताना खाली जाऊ दे. जोर लावून पोट फुगवायचं नाही. पहिले काही दिवस हे उलटंपालटं होतं, श्वास घेताना पोट आत जातं. बिघडलं काही नाही. हाताखाली काय घडतंय ते बघत राहिलात की आपोआप सुधारतं. आठवडाभर एवढंच केलंत तरी चालेल, आणि हे मी सांत्वन म्हणून म्हणत नाही. पुढचं सगळं यावरच उभं राहतं.

दुसरी पायरी: सांधे मोकळे करणं

उभं राहून मान सावकाश उजवीकडे-डावीकडे, मग खाली आणि थोडी वर न्यावी. मान गोल गरागरा फिरवू नये. मग खांदे, कोपरं, मनगटं, कंबर, गुडघे, घोटे, प्रत्येकी चार-पाच वेळा. दोन-तीन मिनिटांत संपतं. थंडीत आणि साठीनंतर याला जरा जास्त वेळ द्या.

तिसरी पायरी: पाच आसनं

पुस्तकांत शेकडो आसनं आहेत. घरच्या अभ्यासाला पाच पुरतात, फक्त त्यांत पाठीचा कणा वर ताणला जाणं, मागे वळणं, पिळला जाणं आणि शेवटी पूर्ण विसावणं, हे सगळं यायला हवं.

ताडासन. पावलं थोडी विलग ठेवून उभे राहा आणि वजन कुठे पडतंय ते बघा. लेकराला कायम एकाच कडेवर घेतलेली आई आणि एकाच खांद्यावर बॅग अडकवणारा नोकरदार, दोघांचं वजन एका पायावर जास्त असतं. ते दोन्ही तळव्यांवर सारखं करा. मग श्वास घेत हात वर, जमलं तर टाचा वर. तीन-चार श्वास थांबून, श्वास सोडत खाली या.

मार्जारासन. हात-गुडघ्यांवर या. श्वास घेताना कंबर खाली, मान वर. सोडताना पाठ वर कमानीसारखी, हनुवटी छातीकडे. सहा-आठ वेळा, अगदी संथ. गुडघे टोचत असतील तर खाली घडी केलेलं घोंगडं घ्या.

भुजंगासन. यावर थोडं थांबते, कारण आसन नुसतं उरकणं आणि लक्ष देऊन करणं यातला फरक इथे फार स्पष्ट कळतो. पालथे झोपा, कपाळ जमिनीला, तळवे छातीच्या बाजूला, कोपरं अंगालगत. श्वास घेत आधी कपाळ, मग हनुवटी, मग छाती वर उचला. बेंबी जमिनीवरच राहील. आता तळवे जमिनीपासून केसभर वर उचलून बघा. छाती धप्पकन खाली आली, तर इतका वेळ तुम्हाला हात वर ढकलत होते, पाठ कामच करत नव्हती. मग उंची कमी करा, हात हलके असतानाही राहता येईल एवढीच ठेवा. चार बोटं वर उचललेलं खरं भुजंगासन हातांच्या जोरावर दीड हात वर गेलेल्यापेक्षा कमरेला कितीतरी जास्त मानवतं.

त्या उंचीवर तीन-चार श्वास राहा आणि तपासा. दात आवळलेत का? नितंब घट्ट धरलेत का? कपाळाला आठ्या पडल्यात का? श्वास कोंडलाय का? जे आवळलेलं सापडेल ते सोडा, आसन मात्र मोडू नका. मग श्वास सोडत उलट्या क्रमाने खाली, आधी छाती, शेवटी कपाळ. गाल एका बाजूला टेकवून, पाठीत जी ऊब आणि जे स्पंदन जाणवतंय ते ओसरेपर्यंत पडून राहा. ही मधली विश्रांती आसनाचाच भाग आहे. ती गाळून पुढच्या आसनाकडे धावू नका.

योगसूत्रांत पतंजलींनी आसनाची व्याख्या ‘स्थिरसुखमासनम्’, म्हणजे स्थिर आणि सुखकर असेल ते आसन, एवढीच केलीय. घरी करताना मोजपट्टी म्हणून हे पुरेसं आहे: शरीर थरथरत असेल किंवा श्वास अडकत असेल, तर तुम्ही आपल्या मर्यादेपलीकडे गेला आहात. थोडं मागे या.

वक्रासन. पाय लांब करून बसा, उजवा गुडघा वाकवून पाऊल डाव्या गुडघ्यापाशी आणा. उजवा हात पाठीमागे टेका, डाव्या हाताने उजवा गुडघा धरा. श्वास घेत कणा वर ताणा आणि सोडत उजवीकडे वळा. वळण पोटातून सुरू होऊ द्या, मान सगळ्यात शेवटी. मग दुसरी बाजू. जमिनीवर बसता येत नसेल तर हेच खुर्चीवर बसून, पाठीच्या टेकूला धरून करता येतं. खुर्ची, पट्टा, विटा, लोड यांची मदत घेण्यात कमीपणा मुळीच नाही. १९३७ साली पुण्यात येऊन शिकवू लागलेल्या बी. के. एस. अय्यंगार यांनी याच साधनांच्या आधाराने आजारी आणि वयस्क माणसांपर्यंत आसनं पोचवली. घरात पट्ट्याऐवजी जुनी ओढणी आणि विटेऐवजी जाडजूड पुस्तक चालतं.

शवासन. हे पाचवं, आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं. पाय विलग, हात अंगापासून दूर, तळवे वर. पाच मिनिटं. कंबर उचलली जात असेल तर गुडघ्यांखाली उशी घ्या. झोप लागली तर झोप कमी पडतेय एवढंच समजायचं, आणि रात्री लवकर आडवं व्हायचं.

सूर्यनमस्कार कुठे गेले, असं महाराष्ट्रात कुणीतरी विचारणारच. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांचा घरोघरी आणि शाळाशाळांतून प्रसार केला, आणि आपल्याकडे अनेकांनी व्यायाम म्हटला की तोच पाहिला. गुडघे आणि मनगटं साथ देत असतील तर सांधे मोकळे केल्यावर चार-सहा नमस्कार जरूर घाला. पण प्रत्येक स्थितीत एक पूर्ण श्वास थांबा. वेग वाढवून आकडा गाठण्यात मला रस नाही.

चौथी पायरी: प्राणायाम

लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापन केली आणि आसन-प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो ते उपकरणं लावून मोजायला घेतलं. त्याच वर्षी ‘योग मीमांसा’ हे नियतकालिक सुरू झालं. श्वास संथ केला की मनही निवतं हे योगी फार पूर्वीपासून सांगत आले आहेत, आणि त्यामागची शरीरातली यंत्रणा आज बरीच उलगडली आहे. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित मंदावतात. मेंदूपासून हृदय आणि पोटापर्यंत जाणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू हे काम करतो. मनगटावर बोट ठेवून सावकाश श्वास सोडलात तर कित्येकांना हा फरक बोटाखाली कळतो. श्वास सोडण्याचा काळ लांबवला की शरीराला विसाव्याचा निरोप जातो.

म्हणून पहिला प्राणायाम साधाच. ताठ बसा, मांडी घालून किंवा खुर्चीवर. मनात चार मोजेपर्यंत नाकाने श्वास घ्या, सहा मोजेपर्यंत नाकाने सोडा. आकडे सेकंदांच्या चालीने मोजलेत तर मिनिटाला सहा श्वास होतात. एरवी निवांत बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. सुरुवातीला गुदमरल्यासारखं वाटलं तर तीन-चारवर या. तीन मिनिटं पुरेत.

हे अंगवळणी पडलं की अनुलोम-विलोम घ्या. अंगठ्याने उजवी नाकपुडी मिटून डावीने श्वास घ्या, अनामिकेने डावी मिटून उजवीने सोडा, उजवीनेच घ्या, डावीने सोडा. हे एक आवर्तन. अशी सहा ते दहा. नाकपुडी चिमटीत दाबू नका, बोट नुसतं टेकवा. श्वासाचा आवाज शेजाऱ्याला ऐकू येत असेल तर जोर जास्त होतोय. श्वास आत रोखून धरण्याचा कुंभक घरी, शिक्षकांशिवाय करू नये.

भ्रामरी मला स्वतःला फार प्रिय आहे. ओठ मिटून, दात विलग ठेवून, श्वास सोडताना भुंग्यासारखा गुणगुणता आवाज काढायचा. पाच-सात वेळा. आवाज संपल्यावर जी शांतता उरते तिच्यात एक-दोन श्वास तसेच बसून राहा.

कपालभाती, म्हणजे पोटाला झटके देत नाकाने भराभर श्वास सोडणं, हल्ली सगळेच सगळ्यांना सुचवतात. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, अपस्मार (फिट येणं) किंवा गरोदरपण असेल तर ती करायची नाही. ज्यांना यातलं काही नाही त्यांनीही ती आधी समोर बसून शिकावी.

पाचवी पायरी: पाच मिनिटं ध्यान

इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर असतं. तिथे पहिले तीन दिवस साधकाला नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास बघण्याखेरीज दुसरं काही सांगितलं जात नाही. यावरून या एका कामाचं मोल कळावं. घरी पाच मिनिटं करा. डोळे मिटा, नाकाच्या शेंड्यापाशी लक्ष ठेवा. आत जाणारी हवा थोडी गार लागते, बाहेर येणारी कोमट. तेवढंच बघायचं.

दुसऱ्या-तिसऱ्या श्वासालाच मन निघून जाईल: गॅस बुक केला का, मुलाची फी, काल वहिनी काय बोलल्या. मन गेलं ते लक्षात आलं की स्वतःला न रागावता परत नाकापाशी यायचं. ‘माझं मन लागतच नाही’ असं म्हणत लोक इथे हार मानतात. पण मन गेल्याचं ज्या क्षणी कळलं, तो क्षणच अभ्यासाचा आहे. पाच मिनिटांत वीस वेळा गेलं आणि वीस वेळा आणलंत, तर वीस वेळा अभ्यास झाला.

उरलेला दिवस

सकाळचा अर्धा तास चटईबरोबर गुंडाळून ठेवला तर त्याचा फायदा थोडाच राहतो. दिवसातली तीन ठिकाणं निवडा, रोज हमखास येणारी. त्यांना श्वास जोडून द्या.

एक स्वयंपाकघरातलं घ्या. कुकर लावला की पहिल्या शिट्टीपर्यंत आपण उगाच चार कामं सुरू करतो. त्याऐवजी ओट्यापाशी उभं राहून ताडासनातलं वजन तपासा. दोन्ही पायांवर सारखं आहे? खांदे कुठे आहेत? कणीक मळताना जबडा आवळलेला आहे का? शिट्टी होईपर्यंत चार-सहाच्या मोजणीने श्वास घ्या. नंतर हात पुन्हा कामाला लागू देत. यात एक मिनिटही जादा लागत नाही.

दुसरं फोनचं. वाजला की लगेच उचलायचा नाही. एक वाजणं पूर्ण ऐकायचं, एक श्वास पूर्ण सोडायचा, मग उचलायचा. मेसेजला उत्तर द्यायचं असेल आणि वाचताना छातीत धडधडलं असेल, तर तीन श्वास. रागाच्या भरात टाइप केलेलं पाठवायच्या आधीचे ते तीन श्वास नाती वाचवतात, हे मी माझ्या वर्गातल्या बायकांकडून पुन्हा पुन्हा ऐकलंय.

तिसरं प्रवासातलं. लोकलमध्ये बसायला मिळालं तर डोळे मिटून श्वास, उभं असाल तर तळपायांखाली डब्याची थरथर. गाडी चालवत असाल तर मात्र डोळे मिटणं, श्वास मोजणं काही करू नका. तुमचं सगळं लक्ष रस्त्यावरच हवं. लाल दिव्याला स्टिअरिंगवरची पकड सैल करा, तेवढं बस.

जेवताना टीव्ही बंद ठेवता आला तर फारच छान. नाही जमलं तर पहिले तीन घास तरी नुसते जेवा: भाकरीचा कडकपणा, आमटीतलं कोकम, ठेच्याची झणझण. तेवढ्याने जेवणाचा वेग आपोआप उतरतो आणि पोट भरल्याचं वेळेवर कळतं.

रात्री झोपताना

अंथरुणावर पाठीवर पडा आणि लक्ष एकेका अवयवावर न्या. उजव्या पायाची बोटं, तळवा, घोटा, पोटरी, गुडघा, मांडी, मग डावा पाय, पोट, छाती, पाठ, हात, खांदे, मान, जबडा, डोळे, कपाळ. प्रत्येक ठिकाणी एक-दोन श्वास. सैल करण्याची खटपट नको, तिथे काय जाणवतं ते बघा. काहीच जाणवलं नाही तर तेही बघणंच. आपल्याकडच्या योगनिद्रेत असं शरीरभर लक्ष फिरवणं असतं. १९७९ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी सजगतेचा कार्यक्रम सुरू केला, त्यातही हाच अभ्यास मुख्य होता, जोडीला हठयोगाची आसनं. कपाळापर्यंत पोचायच्या आत झोप लागली तर काम झालं.

खंड पडला, दुखलं, मन जड झालं तर

लग्नकार्य, आजारपण, परीक्षा, गावी जाणं, खंड पडतोच. परत सुरू करताना राहिलेलं भरून काढायला जाऊ नका. पहिले दोन दिवस फक्त श्वास आणि शवासन, मग एकेक आसन. ज्या दिवशी अर्धा तास नाही, त्या दिवशी मार्जारासन आणि तीन मिनिटं चार-सहाचा श्वास एवढं पुरे. मला रोजची सात मिनिटं रविवारच्या दोन तासांपेक्षा कधीही चालतील.

स्नायूला ताण बसल्याची गोड कळ आणि सांध्यातली टोचणी यांत फरक आहे. पहिलीला घाबरू नका. गुडघा, मान किंवा कमरेत चमक आली, पायात मुंग्या आल्या, चक्कर आली, छातीत दुखलं, तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

डोळे मिटून बसल्यावर काहींना शांत वाटण्याऐवजी अस्वस्थ वाटतं, जुने प्रसंग उसळून येतात, रडू येतं. अशा वेळी नेटाने बसून राहायचं नाही. डोळे उघडा, उठा, खोलीत सावकाश चाला आणि तळपाय जमिनीला लागताना बघा. हे वारंवार होत असेल, किंवा उदासपणा आठवडे उलटले तरी जात नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. सरकारची टेलिमानस ही विनामूल्य हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे, आणि तिथे मराठीतूनही बोलता येतं. योग उपचारांच्या सोबतीने चालू ठेवता येतो, उपचारांऐवजी नाही.

शिक्षक शोधताना पहिल्या दिवशी बघा, तुमच्या दुखण्यांची आणि शस्त्रक्रियांची चौकशी ते स्वतःहून करतात का, आणि ‘हे मला जमत नाही’ म्हटल्यावर सोपा पर्याय देतात की पाठीवर दाब देऊन वाकवतात. दाब देणाऱ्यांच्या वर्गाला दुसऱ्या दिवशी जाऊ नका.